आधी टक्, मंग फाटक

नागपूरच्या कामठी रोडला लागून आत एका ले-आऊटमध्ये आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहिलो. घरमालक खाली, आम्ही वर. भाडेकरू माणूस घरमालकाबद्दल बोलायला लागला की पाण्याची मोटर, लाईटबिल आणि भिंतीतले खिळे यांच्यावरून झालेली भांडणं सांगतो. आमच्या घरमालकांनी यातला कुठलाच त्रास आम्हाला दिला नाही. खिळा ठोकायचा असेल तर ते स्वतःच हातोडी घेऊन वर यायचे. त्यांची अट एकच होती आणि ती करारनाम्यात नव्हती. गाडीत जेवढी माणसं बसली असतील तेवढ्या सीटबेल्टच्या पट्ट्यांची बकलं बसल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय ते फाटक उघडत नसत.

सकाळी मी गाडीत बसलो की ते पायरीवरून उठून फाटकाशी येत, मला काच खाली करायला लावत, डोळे मिटत आणि उजवा तळहात कानामागे धरत. "आधी टक्, मंग फाटक," असं रोज म्हणत, जसं काही मी कालच राहायला आलो आहे. एक टक् झालं की डोळे न उघडता एक बोट वर. दुसरं झालं की दुसरं. बायको सोबत असली तर तिसरं. बोटं आणि माणसं जुळली की मग कडी निघायची. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो.

हा किस्सा मी सदरच्या आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कितीदा तरी सांगितला आहे. काकाजींची नक्कल मला झकास जमायची. डोळे मिटलेले, हात कानामागे, बोटं एकेक करून वर. लोक पोट धरून हसायचे, आणि नवीन कोणी आला की मला पुन्हा करून दाखवायला सांगायचे. पण मी तो किस्सा नेहमी अर्धाच सांगितला. उरलेल्या अर्ध्याची मला लाज वाटते, म्हणून तर तो इतकी वर्षं पोटात राहिला.

काकाजींनी उभा जन्म कामठीत पॉवरलूमवर काढला होता. आधी दुसऱ्याच्या मागावर, मग स्वतःच्या चार मागांवर. ते विकून त्यांनी हे घर बांधलं. माग गेले, पण सवयी गेल्या नाहीत. शर्टाच्या खिशात धागे कापायची छोटी कात्री कायम असायची. बोलता बोलता समोरच्याची बाही अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळायचे आणि कापडाला नाक मुरडायचे. माझ्या लग्नाचा सूट त्यांनी असाच दोन बोटांत नापास केला होता. आणि मागांच्या खटखटाटात त्यांचे कान गेले होते. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, एक त्यांना सोडून. काकू त्यांना खाली दळण आणायला सांगायच्या ते आम्हाला वर ऐकू यायचं. कानाच्या मशीनचं नाव काढलं की ते म्हणायचे, लोकच आता हळू बोलून राहिले, मले काय धाड भरली.

अशा माणसाच्या मागं एखादा अपघात असणार, घरातलं कोणी तरी गेलेलं असणार, असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं. एकदा हळूच काकूंना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. कुठला अपघात, म्हणाल्या, आमच्याकडे सायकलीच्या वर काही आलंच नाही. खरी गोष्ट अशी होती की काकाजी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पुतण्याच्या गाडीत पुढे बसले, पुतण्यानं त्यांच्या छातीवरून पट्टा ओढला, आणि ह्यांनी तो सवयीनं बोटांत धरला. त्या दिवसापासून ते त्या पट्ट्याच्या प्रेमात पडले. मलाही त्यांनी तो तसाच दाखवला होता. "पाहा गा भाऊ, उभे धागे किती गच्च भरले आहेत. पन्हा पाहा, किनार पाहा. आपण लुगडे विणले, धोतर विणले, ते अंग झाकाले. हे कापड माणसाले धराले विणलं आहे." एवढं चांगलं विणलेलं कापड अंगाजवळ असताना माणसानं ते लोंबत ठेवावं, याचा त्यांना कारागीर म्हणून राग यायचा. बाकी त्यात काही नव्हतं.

आमची गाडी आली तेव्हा मी हौसेनं सीट कव्हर घालून आणली. मरून रंगाची, उसाच्या रसाच्या दुकानात असतात तसली चकचकीत. काकाजी गाडी पाहायला आले, मागच्या सीटवर बसले आणि बकल शोधायला लागले. ते कव्हरखाली दबून गेलं होतं. कव्हर बसवणाऱ्याला तसंच वाटलं असेल, मागे कोण पट्टा लावतो. काकाजींनी खिशातून कात्री काढली आणि दोन दिवसांच्या नव्या कव्हरला टराटर तीन भोकं पाडली. मी ओरडणारच होतो, पण तोवर ते भोकांच्या कडा सुईदोऱ्यानं शिवायला बसले होते, आणि टाके इतके बारीक की कंपनीतूनच तशी आली असं वाटावं. तीन बकलं वर आली. मी मनातल्या मनात चरफडलो आणि चहा पाजला.

गुड्डी तेव्हा अडीच वर्षांची होती. ती पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसायची, सगळ्यांची लेकरं बसतात तशी. पहिल्याच आठवड्यात काकाजींनी विचारलं, लेकराचं टक् कुठं आहे. मी म्हटलं, ती आईजवळ असते, आई घट्ट धरते. काकाजी म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कुहीहून माझ्या वडिलांनी पाठवलेला तांदूळ घरात होता. काकाजींनी त्यातला बारा किलो एका पिशवीत भरून घेतला, गुड्डीचं वजन तेवढंच होतं. मला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, पिशवी मांडीवर दिली आणि म्हणाले, लेकरू समजून धरा. बायको गाडी चालवत होती, काकाजी मागे. गल्लीत माणूस सायकलवर जातो त्याच्यापेक्षा थोडीच जास्त गती असेल. मधेच काकाजी म्हणाले, दाबा. बायकोनं ब्रेक दाबला.

मी दोन्ही हातांनी धरलेली पिशवी माझ्या हातून कधी गेली ते मला कळलंच नाही. ती समोर आपटून फुटली. पायाशी, सीटखाली, गिअरच्या फटीत सगळीकडे तांदूळ झाला. मी हसायला लागलो. बायको हसली नाही. स्टिअरिंग धरून ती नुसती तांदळाकडे पाहत होती. काकाजी मागून म्हणाले, "गाडी थांबली का लेकरू नाही थांबत, भाऊ. त्याले कोणी सांगाव लागते." पुढे कित्येक महिने गाडी धुतली की तांदळाचे दाणे निघायचे.

त्याच आठवड्यात बायकोनं मुलांची सीट आणली. गाडीच्या मागच्या सीटवर बसवायची, तिचे स्वतःचे पट्टे, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून, आणि सगळ्यांचं मिळून मधे एक बकल. काकाजींना तर घबाडच मिळालं. सीटबरोबर आलेला कागद त्यांनी भिंग घेऊन वाचला, सीट गाडीला गच्च बसली का ते गुडघा रोवून हलवून पाहिलं. पट्ट्याला पीळ पडलेला त्यांना चालत नसे. पीळ पडलेलं कापड एका जागी कापते, म्हणायचे. पट्टा आणि गुड्डीचा खांदा यांच्यामध्ये स्वतःचं एक बोट सरकवून पाहायचे. एक गेलं तर बरोबर, दोन गेली तर सैल. थंडीत तिच्या अंगात जाड स्वेटर असला तर तो आधी काढायला लावायचे, पट्टा बांधायचे आणि स्वेटर वरून पांघरायचे. स्वेटरवर बांधला तर पट्टा स्वेटरले धरते, लेकराले नाही, असं त्यांचं म्हणणं. गुड्डी पहिले चार दिवस रडली. मग तिला काकाजींचं बोट खांद्यावर आलं की गुदगुल्या व्हायला लागल्या.

आता इथून पुढचा अर्धा.

ते बोटानं पाहणं रविवारचं, सगळे मिळून निघालो की. रोज सकाळी मी एकटाच गुड्डीला बालवाडीत सोडून ऑफिसला जायचो, आणि घाईचं म्हणून तेव्हा फक्त दोन टक् ऐकून फाटक उघडायचं ठरलं होतं. खरी अडचण त्यांच्या कानांची होती. बकलाचा आवाज बारीक असतो, आत दबलेला. माझा पुढचा त्यांना जेमतेम लागायचा, मागचा ऐकूच यायचा नाही. मी पट्टा लावलेला असायचा, गुड्डीचा लावलेला असायचा, आणि हे डोळे मिटून एकच बोट वर धरून उभे. "दुसरा नाही आला. पुन्हा करा." मग मी मागे वळून बकल उघडायचं, पुन्हा लावायचं. कधी दोनदा, कधी तीनदा. तिकडे ऑफिसात उशिराची लाल खूण. चांगले तीन महिने मी हे सहन केलं, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

एका सकाळी चौथ्यांदा "पुन्हा करा" आल्यावर माझं डोकं फिरलं. मी जीभ टाळूला लावून जोरात वाजवली. टक्. बैल हाकताना कुहीकडे आम्ही वाजवतो तशी. काकाजींचं दुसरं बोट झटकन वर आलं. चेहरा खुलला, कडी निघाली. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत हसत होतो. मागून गुड्डीनं विचारलं, बाबा, कसं केलं. मी तिला शिकवलं. दोन दिवसांत तिला माझ्यापेक्षा चांगलं यायला लागलं.

मग तो आमचा रोजचा खेळ झाला. मी गुड्डीला सीटमध्ये नुसती बसवायचो, पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत, आणि ती काकाजींकडे पाहत जीभ वाजवायची. काकाजी डोळे मिटून बोट वर करायचे. बालवाडी काही लांब नव्हती, दहा मिनिटांचा रस्ता. गुड्डीला मी सांगून ठेवलं होतं की हे आईला नाही सांगायचं. आई सोबत असली की आम्ही खरे पट्टे लावायचो आणि गुड्डी माझ्याकडे पाहून हसायची. या अर्ध्यातलं एवढंच मी ऑफिसात सांगितलं, किस्स्याला नवीन शेपूट मिळालं, आणि सगळ्यात जास्त हशा तिथेच यायचा.

माझा स्वतःचा पट्टा मात्र मी खराच लावायचो. पुढे चौकात पोलीस उभा असायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी कामठी रोडवर माझ्या पुढं एक शेअर ऑटो होता. कडेला एका बाईनं हात दाखवला आणि तो आहे तिथे थांबला. मी ब्रेक दाबला. गाडी चाळिसाच्या आतच होती, ऑटोला साधा ओरखडाही गेला नाही. मला पट्ट्यानं छातीवर घट्ट धरलं, सीटला परत टेकवलं. त्याच क्षणी माझ्या डाव्या कोपराजवळून गुड्डी पुढे आली. तिची हनुवटी गिअरच्या दांड्यावर आपटली.

हनुवटीला चार टाके पडले आणि वरचे दोन दात गेले. दुधाचे दात आहेत, पुन्हा येतील, असं डॉक्टरांनी धीर देत सांगितलं. बायको रिक्षानं धावत दवाखान्यात आली. तिनं पहिला प्रश्न विचारला, पट्टा लावला होता ना. मी म्हणालो, लावला होता, बकल निसटलं असेल. गुड्डी माझ्या खांद्यावर होती, तोंडात कापसाचा बोळा. ती तशाच बोबड्या तोंडानं म्हणाली, "मी टक् केलं होतं, बाबा."

बायकोला ती साक्ष वाटली. तिनं मान हलवली आणि बकलाच्या कंपनीला शिव्या दिल्या. मला तिथे बाकावर बसल्या बसल्या कळलं की गुड्डीला तो खेळ कधी खोटा वाटलाच नव्हता. टक् केलं की आपल्याला काही होत नाही, असं तिला वाटत होतं. तिनं तिचं काम केलं होतं. आता ती माझ्याकडे पाहत होती, की मग असं कसं झालं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

घरी आलो तर काकाजी गाडीपाशी. मी त्यांनाही तेच सांगितलं, बकल निसटलं. त्यांनी ते बकल पन्नास वेळा लावलं, पन्नास वेळा काढलं. ओढून पाहिलं, कान लावून पाहिलं. संध्याकाळी वर आले, दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "बकल बरोबर आहे, भाऊ. ते अर्धवट बसलं असन. पूर्ण बसल्याचा आवाज अलग राहते, अर्ध्याचा अलग. म्याच चुकलो ऐकाले. फाटक तर म्या उघडलं ना."

तेव्हा सांगायला हवं होतं. बायको स्वयंपाकघरात होती. मी म्हणालो, तुमची काय चूक काकाजी, व्हायचं होतं ते झालं. हे वाक्य मी अगदी मोठ्या मनाच्या माणसासारखं म्हणालो.

आठ दिवसांनी जिन्यात काकू भेटल्या. त्यांनी आवाज एकदम खाली आणला होता, मला आधी ओळखूच येईना. काकाजी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन मशीन लावून आले होते. "तीस वर्षं मी बोंबलून राहिली, तवा नाही लावली," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोट्टीसाठी लावली." त्या खूश होत्या. घराला देवाची पावलं लागावीत तसं त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात करत उभा होतो.

टाके निघाल्यावर गुड्डी पुन्हा बालवाडीत जायला निघाली. त्या सकाळी मी तिचे पाचही पट्टे लावले, पीळ काढला, स्वेटर वरून पांघरला. काकाजी फाटकाशी आले. कानात नवी मशीन. सवयीनं डोळे मिटले. मी माझं बकल बसवलं. काकाजींनी डोळे उघडले. "असा राहते का हा?" ते म्हणाले. एवढा बारीक, एवढा पक्का आवाज त्यांनी कित्येक वर्षांत इतका स्वच्छ ऐकलाच नव्हता. त्यांनी मला ते पुन्हा काढून लावायला लावलं, आणि ऐकताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मग मागच्या काचेशी वाकून म्हणाले, आता तुह्यावाला, बाई.

गुड्डीचं बकल आधीच लागलेलं होतं. तिनं मान वर केली, हनुवटीवरची पट्टी सांभाळत, आणि पुढचे दोन दात नसलेल्या तोंडानं जीभ वाजवली. टक्.

काकाजी वाकलेलेच राहिले. "पुन्हा कर, माय."

तिनं पुन्हा केलं. आणखी एकदा केलं. काकाजी सरळ झाले, माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कापड बोटांत धरून पाहायचे तसं.

"हाच तर मले ऐकू येत होता," ते म्हणाले. "बकलाचा नाही."

मग त्यांनी मागचं दार उघडलं, गुड्डीच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली एक बोट सरकवलं. गुड्डी गुदगुल्यांनी हसली. "बरोबर आहे," ते तिला म्हणाले, दार लावलं, आणि फाटक उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली आलो तर फाटक आधीच सताड उघडं होतं, झडपेला वीट लावलेली. काकाजी पायरीवर बसले होते, पेपर वाचत. मी काच खाली केली, पट्टे लावले, थोडा वेळ थांबलो. त्यांनी वर पाहिलं नाही. त्यानंतर आम्ही तिथे दीड वर्ष राहिलो आणि रोज सकाळी फाटक तसंच उघडं असायचं. बोलायचे, मोटर लावली का, पाणी आलं का, सगळं बोलायचे. गुड्डीसाठी जत्रेतून फुगे आणायचे. फक्त गाडीच्या वेळी उठायचे नाहीत. मशीन त्यांनी महिनाभरातच काढून डबीत ठेवली. काकू पुन्हा ओरडून बोलायला लागल्या. मला म्हणाल्या, हे म्हणते, आता ऐकाचं काय आहे.

घर सोडायच्या आदल्या दिवशी मी एकटा त्यांच्यापाशी गेलो. ते अंगणात खुर्चीवर होते. मी शेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, काकाजी, माझं चुकलं. त्यांनी उजवा तळहात कानामागे धरला. "काय म्हणता?"

मी थोडं मोठ्यानं म्हणालो.

"नाही आला, बाप्पा. पुन्हा करा."

वर गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. शेजारचे लोक भिंतीपलीकडे बसले होते. आणखी मोठ्यानं म्हटलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं, काय चुकलं ते तिनं वरूनच विचारलं असतं. काकाजी हात कानामागे धरून वाट पाहत होते. डोळे मिटलेले नव्हते.

"काही नाही, काकाजी," मी पुटपुटलो.

ते मात्र त्यांना पहिल्या वेळेलाच ऐकू आलं. त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "बरं."